रेडिओहेडची ध्वनिमुद्रणं : सूची आणि डिजिटल संग्रहाच्या प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५

व्याप्ती ठरली. 'रेडिओहेड' या इंग्लिश रॉक बँडच्या नावाने अधिकृतपणे बाजारात आलेलं सगळं घ्यायचं. सुरुवात मे १९९२च्या 'ड्रिल' ईपीपासून (ईपी म्हणजे अल्बमहून छोटं, मोजक्या गाण्यांचं प्रकाशन). त्याआधी बँडचं नाव 'ऑन अ फ्रायडे' होतं, त्या काळातल्या डेमो कॅसेट घ्यायच्या नाहीत. गायक टॉम यॉर्कचे एकट्याचे अल्बम, त्याचा आणि गिटारवादक जॉनी ग्रीनवुडचा दुसरा बँड 'द स्माइल', आणि ग्रीनवुडचं चित्रपटसंगीत बाहेर. जोधपूरच्या मेहरानगडावर मुद्रित झालेल्या 'जुनून' अल्बमवर वाद झाला, कारण ग्रीनवुडबरोबर रेडिओहेडचा निर्माता नायजेल गॉडरिचही तिथे होता. शेवटी नियम सोपा ठेवला: कव्हरवर ज्याचं नाव, त्याचं काम. 'जुनून' बाहेर.

सूचीची रचना बदलली. जुन्या तक्त्यात एका ओळीला एक अल्बम आणि त्यापुढे गाणी होती. तो मोडीत काढला. आता चार थर: रचना, मुद्रण, प्रकाशन, प्रत. रचना म्हणजे गाणं. मुद्रण म्हणजे त्या गाण्याचं एक ठरावीक ध्वनिमुद्रण किंवा मिक्स. प्रकाशन म्हणजे विशिष्ट तारखेला, विशिष्ट लेबलने काढलेला अल्बम, सिंगल किंवा ईपी. प्रत म्हणजे हातातली वस्तू: सीडी, तबकडी, कॅसेट, फाइल.

इतका खटाटोप कशाला, ते 'लकी'वरून कळतं. ४ सप्टेंबर १९९५ला मुद्रण, ९ सप्टेंबरला 'हेल्प' या वॉर चाइल्ड संस्थेच्या मदत-अल्बममधून बाजारात, आणि तेच मुद्रण १९९७च्या 'ओके कंप्यूटर'मध्ये. रचना एक, मुद्रण एक, प्रकाशनं दोन. 'ट्रू लव्ह वेट्स'चं उलट: २००१च्या 'आय माइट बी राँग'वर मैफलीतलं, २०१६च्या 'अ मून शेप्ड पूल'वर स्टुडिओतलं. रचना एक, मुद्रणं दोन. अल्बमनिहाय तक्त्यात ही दोन्ही उदाहरणं सारखीच दिसतात, म्हणून तो तक्ता कुचकामी.

१५ जून २०२५

सीडी रिप करण्याची, म्हणजे तिच्यावरचा आवाज संगणकावर फाइलीत उतरवण्याची, पद्धत पक्की केली. ड्राइव्हचा रीड ऑफसेट, म्हणजे वाचताना आवाज किती सॅम्पल (डिजिटल आवाजाची सगळ्यात लहान मापं) पुढेमागे सरकतो ते, आधी तपासायचा. वापरातल्या ड्राइव्हचा +६ सॅम्पल आहे. ऐकताना सहा सॅम्पलने काही बिघडत नाही, पण तो न भरता रिप केलं तर ॲक्युरेटरिप या इतरांनी केलेल्या रिपच्या सामायिक नोंदींशी ताळा लागत नाही आणि सगळ्या सीडी 'चुकल्या' असं दिसतं. सुरक्षित मोड (प्रत्येक तुकडा पुन्हा वाचून ताडणारा) चालू, ड्राइव्हची कॅशे बंद, सी२ पॉइंटरवर (ड्राइव्हच्या स्वतःच्या चूक-खुणांवर) भरवसा नाही.

फाइल एफएलएसी (आवाज न गमावता दाबणारं स्वरूप), दाबण्याची पातळी ८. पातळी वाढवल्याने आवाज सुधारत नाही, फाइल किंचित लहान होते, इतकंच. एफएलएसीचा खरा उपयोग वेगळा: फाइलच्या डोक्यात मूळ आवाजाचा एमडी५ ठसा (आवाजावरून काढलेला ओळख-आकडा) असतो. टॅग (फाइलीत लिहिलेली नाव, तारीख वगैरे माहिती) कितीही वेळा बदला, तो ठसा हलत नाही. दोन प्रतींतलं गाणं शेवटच्या बिटपर्यंत एकच आहे का, हे त्यावरून लगेच कळतं. ठसे जुळले तर प्रश्न मिटला. जुळले नाहीत तर मात्र मुद्रण वेगळं असं लगेच म्हणायचं नाही, कारण दोन कारखान्यांच्या छापांत काही सॅम्पलचा सरक असू शकतो.

तेव्हा दुसरी चाचणी: दोन्ही फाइली सॅम्पलवर सॅम्पल जुळवायच्या, एकीची फेज उलटी करायची, बेरीज घ्यायची. पूर्ण शांतता उरली तर मास्टर (छपाईसाठी केलेली अंतिम प्रत) एकच. अंधुक गाणं उरलं तर मुद्रण तेच पण मास्टरिंग वेगळं. धड दोन गाणी एकमेकांवर चढलेली ऐकू आली तर मुद्रणच वेगळं.

प्रत्येक सीडीच्या आतल्या कड्यावरचा मॅट्रिक्स नंबर (कारखान्याने कोरलेला छापाचा क्रमांक) तिरक्या उजेडात वाचून लिहायचा. बारकोड पुरत नाही. एकाच बारकोडखाली वेगवेगळे छाप निघतात.

२१ जून २०२५

'ड्रिल' आणि 'पाब्लो हनी'.

'ड्रिल'वर चार गाणी: 'प्रूव्ह युवरसेल्फ', 'स्टुपिड कार', 'यू', 'थिंकिंग अबाउट यू'. यातली तीन 'पाब्लो हनी'वर (२२ फेब्रुवारी १९९३) पुन्हा आहेत, पण नव्याने मुद्रित केलेली. टॅग भरणारं सॉफ्टवेअर नाव बघून ती एकाच मुद्रणाखाली घालतं. तिन्ही हाताने सोडवली. 'स्टुपिड कार' अल्बमवर नाही.

'क्रीप' दोनदा आलं. सप्टेंबर १९९२चं सिंगल, आणि एका वर्षाने पुन्हा काढल्यावर ब्रिटनमध्ये सातव्या क्रमांकापर्यंत गेलेलं. त्याशिवाय रेडिओसाठी शिवी बदललेलं रूप आहे, ते अमेरिकी 'पाब्लो हनी'वर तेरावं म्हणून जोडलेलं. ब्रिटिश सीडीवर बाराच गाणी. इथे ध्वनिठशावरून गाणं ओळखणारं साधन फसतं: ते साधारणपणे पहिली १२० सेकंदं बघतं आणि एका शब्दाचा फरक त्याच्या जाळीतून सुटतो. दोन्ही फाइलींना एकच ओळख मिळाली. शंका असेल तिथे कानाने ऐकून 'रेडिओ रूप' अशी खूण करायची.

रचनेच्या श्रेयात 'क्रीप'ला पाच सदस्यांबरोबर अल्बर्ट हॅमंड आणि माइक हेझलवुड ही नावं हवीत. त्या दोघांच्या 'द एअर दॅट आय ब्रीद' या गाण्याशी असलेल्या साम्यामुळे ती जोडली गेली. 'इडियोटेक'ला पॉल लान्स्की आणि आर्थर क्रीगर यांची नावं, कारण त्यात त्या दोघांच्या संगणक-संगीताचे तुकडे आहेत. श्रेय रचनेच्या थरावर लिहायचं, म्हणजे प्रत्येक मैफलीच्या प्रतीला ते पुन्हा भरावं लागत नाही.

'पॉप इज डेड' (मे १९९३) कुठल्याच अल्बमवर नाही. सिंगल हेच प्रकाशन.

२८ जून २०२५

'द बेंड्स' या दुसऱ्या अल्बमच्या काळातली सिंगल्स. हा सगळ्यात किचकट पट्टा. त्या काळच्या ब्रिटिश रिवाजाप्रमाणे एका सिंगलच्या दोन सीडी, दोन्हींवर शीर्षकगीत तेच आणि बी-साइड (शीर्षकगीताच्या जोडीची गाणी) वेगळ्या, म्हणजे चाहत्याने दोनदा पैसे मोजावेत.

'प्लॅनेट टेलेक्स'च पाहा. अल्बममधलं एक, 'हेक्सिडेसिमल' मिक्स, 'एलएफओ जेडी' मिक्स, 'कर्मा सनरा' मिक्स, आणि 'जस्ट'च्या दुसऱ्या सीडीवरचं मैफलीतलं. रचना एक, मुद्रणाच्या ओळी पाच. 'हेक्सिडेसिमल'मध्ये 'सि'च आहे. स्पेलचेकने ते दोनदा 'हेक्साडेसिमल' केलं, मग शोध घेतल्यावर काहीच सापडेना.

'किलर कार्स'ही तसंच: आधीचं मैफलीतलं, 'हाय अँड ड्राय'च्या दुसऱ्या सीडीवरचं स्टुडिओतलं, आणि 'जस्ट'च्या पहिल्या सीडीवरचं 'मोगाडॉन' रूप.

'माय आयर्न लंग' कुठे बसवायचं? मूळ वादन लंडनच्या ॲस्टोरियातल्या मे १९९४च्या मैफलीतलं, गायन मात्र नंतर स्टुडिओत नव्याने केलेलं. 'लाइव्ह' खूण केली तर मैफलींच्या यादीत येतं आणि ऐकणारा गोंधळतो. मुद्रणाचं ठिकाण ॲस्टोरिया, प्रकार स्टुडिओ, टिपणात खुलासा.

एक सवय लावून घ्यायची: दोन सीडींच्या सिंगलला 'डिस्क १, डिस्क २' असं एका प्रकाशनाखाली घालू नये. त्या स्वतंत्र विकल्या गेल्या, त्यांचे क्रमांक स्वतंत्र, म्हणून प्रकाशनंही दोन.

५ जुलै २०२५

'ओके कंप्यूटर'. जपानमध्ये २१ मे १९९७, ब्रिटनमध्ये १६ जून, अमेरिकेत १ जुलै. टॅगमध्ये 'मूळ तारीख' आणि 'या प्रतीची तारीख' असे दोन रकाने वेगळे ठेवले. मूळ तारखेत नेहमी सगळ्यात आधीची, मग ती जपानची का असेना.

ब्रिटिश सीडीचा क्रमांक 'सीडीनोडेटा ०२'. सूची करणाऱ्याने तपशिलाच्या रकान्यात 'नो डेटा' लिहायचं आणि ते बरोबर असायचं, असा योग पुन्हा येणार नाही. (आपल्या स्क्रिप्टने तो रिकामा रकाना समजून ओळ गाळली होती. शब्दाची तुलना संपूर्ण मजकुराशी करायची, तुकड्याशी नाही. दुरुस्त.)

सलग वाजण्याची चाचणी याच अल्बमवर घेतली. 'एअरबॅग'च्या शेवटचे बीप 'पॅरानॉइड अँड्रॉइड'मध्ये शिरतात. 'कर्मा पोलीस'च्या शेवटी गिटारवादक एड ओब्रायनने डिले यंत्रातून उठवलेला गोंगाट विरतो आणि 'फिटर हॅपियर' सुरू होतं. एफएलएसीत हे सांधे आपोआप नीट येतात. मोबाइलसाठी केलेल्या एमपी३त मात्र बारीक उचकी येते. कारण: एमपी३ची चौकट ११५२ सॅम्पलची, म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंद; गाणं चौकटीत बरोबर मावत नाही म्हणून शेवटी शांतता भरली जाते, आणि एन्कोडर (एमपी३ बनवणारा प्रोग्राम) सुरुवातीलाही थोडी घालतो. लेम हा एन्कोडर ही भर किती हे फाइलच्या डोक्यात लिहून ठेवतो. वाजवणाऱ्या यंत्राने ते वाचलं तर उचकी जाते. न वाचणाऱ्या यंत्रावर उपाय नाही. गाण्यांना क्रॉसफेड (एक विरत असताना दुसरं चढवणं) देऊन झाकायचा प्रयत्न करू नये, त्याने 'एअरबॅग'चा शेवट खाल्ला जातो.

तबकडीवर हा प्रश्न वेगळ्याच प्रकारे सुटलेला आहे: 'कर्मा पोलीस' दुसरी बाजू संपवतं आणि 'फिटर हॅपियर' तिसरी उघडतं. उठून तबकडी बदलेपर्यंतची शांतता हाच सांधा.

बी-साइडचा हिशोब लावला. तीन सिंगल्स, दोन-दोन सीडी, मिळून सहा. त्यांवर नवी गाणी आठ: 'पॉलिएथिलिन', 'पर्ली*', 'अ रिमाइंडर', 'मेलाटोनिन', 'मीटिंग इन द आइल', 'लल', 'पालो आल्टो', 'हाऊ आय मेड माय मिलियन्स'. १९९८च्या अमेरिकी 'एअरबॅग / हाऊ ॲम आय ड्रायव्हिंग?' ईपीवर यातली सहाच; 'लल' आणि 'मिलियन्स' नाहीत. २०१७च्या 'ओकेनॉटोके' या 'ओके कंप्यूटर'च्या पुनःप्रकाशित संचावर आठही आहेत, शिवाय 'आय प्रॉमिस', 'मॅन ऑफ वॉर', 'लिफ्ट'. म्हणून पुष्कळजण सिंगल्स विकून टाकतात. घाई करू नये: 'क्लाइम्बिंग अप द वॉल्स'चे झीरो ७ आणि फिला ब्राझिलिया यांचे मिक्स, बर्लिनचं 'एअरबॅग' आणि फ्लॉरेन्सचं 'लकी' त्या संचात घेतलेले नाहीत. ते त्या सिंगल्सच्या दुसऱ्या सीडींवर आहेत.

'पर्ली*'ने अर्धा दिवस खाल्ला. विंडोजमध्ये फाइलच्या नावात तारा चालत नाही. लिनक्समध्ये चालतो, आणि तोच धोका: स्क्रिप्टमध्ये नाव अवतरणात घातलं नाही तर तो तारा 'पर्लीने सुरू होणारं सगळं' असा वाचला जातो. जुनी प्रत हलवताना २०१७चीही सोबत हलली. पुसायची आज्ञा असती तर दोन्ही गेल्या असत्या. नियम: फाइलच्या नावातून तारा काढायचा, टॅगमध्ये ठेवायचा.

१२ जुलै २०२५

दमट हवा. 'ओकेनॉटोके'च्या पेटीत ९० मिनिटांची कॅसेट आहे, 'ओके कंप्यूटर' काळातल्या मुद्रणांची आणि डेमोंची. फितीच्या कडेवर पांढरी बुरशी धरू लागलेली दिसली. अशी कॅसेट डेकमध्ये घालायची नाही. बुरशीची पूड हेडवर बसते आणि पुढच्या कॅसेटलाही लागते. आधी कोरड्या डब्यात सिलिका जेलसोबत दोन दिवस, मग कापडी पट्टी हलकी टेकवून हाताने एक फेरी, मग हेड आयसोप्रोपिलने पुसून दुसऱ्या डेकवर. सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत परतायचे.

हेडचा कोन प्रत्येक कॅसेटला नव्याने जुळवायचा: दोन्ही चॅनेल मोनो करून ऐकत स्क्रू फिरवायचा, वरच्या पट्टीचा आवाज सगळ्यात स्वच्छ होतो तिथे थांबायचं.

१९ जुलै २०२५

'किड ए' (२ ऑक्टोबर २०००) आणि 'ॲम्नेसिऍक' (ब्रिटनमध्ये जून २००१).

'किड ए'चं दहावं, 'मोशन पिक्चर साउंडट्रॅक', सीडीवर ७ मिनिटं १ सेकंद दाखवतं. गाणं त्याच्या निम्म्यातच संपतं. मग सुमारे मिनिटभर शांतता, मग मिनिटाच्या आतला एक बेनाव तुकडा, आणि पुन्हा शांतता. स्ट्रीमिंगवर तो तुकडा अकरावा ट्रॅक म्हणून वेगळा केलेला आहे. संग्रहाची फाइल कापायची नाही. क्यू शीटमध्ये (कुठलं गाणं कुठे सुरू होतं याची मजकूर-फाइल) तुकड्याची जागा नोंदवायची. ऐकायच्या प्रतीत हवं तर कापा. ध्वनिठशाच्या साधनाला इथे लांबी जुळत नाही म्हणून ते सीडीची फाइल 'अनोळखी' ठरवतं, हाताने जोडायची.

'ॲम्नेसिऍक'मध्ये नावांची परीक्षा. 'पल्क/पुल रिव्हॉल्व्हिंग डोअर्स' आणि 'मॉर्निंग बेल/ॲम्नेसिऍक' यांत तिरकी रेघ आहे, ती फोल्डरची खूण मानली जाते. न सांभाळता फाइल केली तर 'पल्क' नावाचा फोल्डर आणि त्यात 'पुल'ने सुरू होणारी फाइल तयार होते, 'मॉर्निंग बेल'चंही तेच, आणि अल्बम अकराऐवजी नऊच गाण्यांचा दिसतो. 'यू अँड हूज आर्मी?'मधलं प्रश्नचिन्ह विंडोजला चालत नाही. फाइलमध्ये रेघेऐवजी आडवी रेघ, प्रश्नचिन्ह गाळायचं. टॅगला हात लावायचा नाही. 'पॅक्ट लाइक सार्डिन्स...'मधल्या 'पॅक्ट' आणि 'क्रश्ड'ची वर्तनी मुद्दाम मोडलेली आहे. दुरुस्त करू नये.

'मॉर्निंग बेल' दोन्ही अल्बमांत आहे आणि दोन्ही मुद्रणं वेगळी. चाल वेगळी, वाद्यं वेगळी. रचना एकच.

आता एक नवा दुवा लागला: 'यापासून बनलेलं'. 'लाइक स्पिनिंग प्लेट्स' हे 'आय विल'च्या जुन्या मुद्रणाला उलटं फिरवून त्यावर रचलेलं आहे. 'आय विल' स्वतः नव्याने मुद्रित होऊन २००३ला आलं. २०२१च्या 'किड ए म्नेशिया' या दोन्ही अल्बमांच्या एकत्र संचाच्या तिसऱ्या डिस्कवर 'पल्क/पुल'चं 'ट्रू लव्ह वेट्स' रूप आहे, त्यातून या दोन गाण्यांचा संबंध उघड होतो. म्हणजे १४ जूनला 'रचना एक, मुद्रणं दोन' म्हणून मिटवलेली 'ट्रू लव्ह वेट्स'ची ओळ पुन्हा उघडावी लागली.

त्याच डिस्कवर 'अनटायटल्ड' तीन आहेत, व्ही१, व्ही२, व्ही३. आणि स्ट्रीमिंगवरच्या 'किड ए'च्या शेवटचा तुकडाही 'अनटायटल्ड'. फाइलीच्या नावात डिस्क क्रमांक घातल्याशिवाय हे एकमेकांवर लिहिले जातात.

२६ जुलै २०२५

'हेल टू द थीफ' (जून २००३). हातातल्या युरोपीय प्रतीवर 'कॉपी कंट्रोल' या नक्कल-प्रतिबंधाचा शिक्का. कॉम्पॅक्ट डिस्कचं नेहमीचं बोधचिन्ह त्या प्रतीवर नाही. ती खूण आधी बघायची.

अशा डिस्कवर दुसरं सत्र असतं, त्यात विंडोजसाठीचा वाजवणारा प्रोग्राम आणि दाबलेल्या फाइली. संगणकाने ते सत्र आधी वाचलं की आवाजाचे ट्रॅक दिसत नाहीत किंवा लांबी चुकीची येते. क्रम असा: डिस्क घालताना शिफ्ट दाबून ठेवायचं, म्हणजे प्रोग्राम आपोआप सुरू होत नाही. सीडीआरडीएओ या प्रोग्रामने फक्त पहिल्या सत्राची यादी वाचायची. वेग ४एक्सवर आणायचा. मग सुरक्षित मोडमध्ये रिप. एका ड्राइव्हवर सातव्या ट्रॅकपाशी अडकली, दुसऱ्यावर सरळ गेली. दोष डिस्कमध्ये आहे असं ठरवण्याआधी ड्राइव्ह बदलून बघायचा. आपली विकत घेतलेली सीडी आपल्याच संगणकावर ऐकू नये म्हणून इतकी मेहनत घेतलेली पाहून करमणूक होते.

चौदाही गाण्यांना कंसात दुसरं नाव आहे. 'देअर देअर (द बोनी किंग ऑफ नोव्हेअर.)', 'अ वुल्फ ॲट द डोअर (इट गर्ल. रॅग डॉल.)' वगैरे. कंसातल्या पूर्णविरामासकट. रचनेच्या नावात फक्त पहिलं नाव. प्रकाशनाच्या ट्रॅक-नावात पूर्ण. असं केलं नाही तर मैफलीतलं 'देअर देअर' वेगळी रचना होऊन बसतं.

२ ऑगस्ट २०२५

'इन रेनबोज'. १० ऑक्टोबर २००७ला डाउनलोड, हवी ती किंमत देऊन. ३ डिसेंबरपासून ४० पौंडांची पेटी. वर्ष उलटताना दुकानांत सीडी. तीन प्रकाशनं.

पहिल्या डाउनलोडची फाइल १६० केबीपीएस एमपी३. ४२ मिनिटं ३९ सेकंदांचा अल्बम या दराने सुमारे ४९ एमबी होतो. झिप त्याहून फार मोठी असेल तर ती मूळ नाही, कोणीतरी नंतर केलेली आहे. एफएलएसीत बदलून ठेवलेल्या प्रतीही फिरतात. स्पेक्ट्रोग्राम (आवाजातल्या कंपनसंख्यांचं चित्र) काढला की कळतं: या दराच्या एमपी३त साधारण १६ ते १८ किलोहर्ट्झच्या वर काही उरत नाही, सीडीत ते २२पर्यंत भरलेलं असतं. मूळ एमपी३ आहे तशीच ठेवायची, कारण ज्या दिवशी अल्बम जगाने ऐकला त्या दिवशी त्याचं रूप हेच होतं.

पेटीतल्या दुसऱ्या सीडीवर आठ गाणी आहेत. तिला 'बोनस ट्रॅक' म्हणून पहिल्या सीडीला शेपटी जोडू नये. 'एमके १'पासून '४ मिनिट वॉर्निंग'पर्यंत तिचा स्वतःचा क्रम आहे, तो क्रमच जातो.

चाहत्यांची एक समजूत अशी की 'ओके कंप्यूटर' आणि 'इन रेनबोज' एकाआड एक लावून मध्ये दहा सेकंदांचा क्रॉसफेड दिला की दोन्ही एक होतात. प्लेलिस्ट करून ठेवली आहे. दोन-तीन सांधे खरंच बरे जमतात. सूचीत तिला जागा नाही.

९ ऑगस्ट २०२५

'इन रेनबोज' पेटीतल्या तबकड्यांचं मुद्रण. दोन १२ इंची, ४५ आरपीएम. ३३⅓वर लावल्या तर गाणं १.३५ पट लांबतं आणि सूर पाच पट्ट्यांहून थोडे जास्त खाली येतात. '१५ स्टेप' ३:५७चं आहे. ते ५:२०ला संपत असेल तर पट्टा चुकीच्या पुलीवर आहे.

२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. सगळ्यात मोठा आवाज −६ डीबीच्या खाली राहील अशी पातळी. सुईचा भार कार्ट्रिजच्या कागदावर लिहिला असेल तो, इथे १.८ ग्रॅम, काट्याने मोजून. टोनआर्मवरच्या आकड्यावर विसंबू नये. धूळ आधी ब्रशने, मग डिस्टिल्ड पाण्यात थोडं आयसोप्रोपिल. नळाचं पाणी नको, क्षार खोबणीत बसतात.

संध्याकाळचं मुद्रण टाकून द्यावं लागलं. गल्लीत ढोल पथकाचा सराव सुरू झाला आहे. माइक नाही म्हणून बाहेरचं काही येणार नाही असा समज होता; पण ढोलाचा धक्का जमिनीतून टेबलात, टेबलातून सुईत जातो. 'न्यूड'च्या शांत जागांत ५० ते ८० हर्ट्झच्या पट्टीत ठोके स्पष्ट दिसतात, सीडीत तिथे काही नाही. फिल्टरने काढले तर कॉलिन ग्रीनवुडचा बेसही जातो. टर्नटेबलखाली कडप्प्याची लादी आणि तिच्याखाली चार रबरी पाय घातले, फरक पडला पण पुरेसा नाही. गणपती होईपर्यंत तबकड्यांचं काम दुपारी.

१६ ऑगस्ट २०२५

'द किंग ऑफ लिंब्स': १९ फेब्रुवारी २०११ ही तारीख जाहीर केली आणि अल्बम १८लाच आला. मूळ तारीख १८. डाउनलोड दोन प्रकारचं, ३२० केबीपीएस एमपी३ आणि डब्ल्यूएव्ही (न दाबलेला आवाज). डब्ल्यूएव्हीत टॅग नीट टिकत नाहीत, म्हणून एफएलएसीत बदललं. यात काहीच हरवत नाही, बदलल्यानंतर उलट उलगडून एमडी५ ताडून बघितला. याच अल्बमच्या गाण्यांच्या 'टीकेओएल आरएमएक्स' या संग्रहातले १९ रीमिक्स: कलाकार रेडिओहेड, रीमिक्स करणाऱ्याचं नाव त्याच्या रकान्यात. कलाकाराच्या रकान्यात घातलं की अल्बमचे एकोणीस तुकडे होतात.

मधेच कामात भर. १३ तारखेला 'हेल टू द थीफ : लाइव्ह रेकॉर्डिंग्ज २००३–२००९' डिजिटल स्वरूपात आलं. लंडन, ॲमस्टरडॅम, ब्युनोस आयर्स, डब्लिन. बारा गाणी, मूळ अल्बमच्या चौदापैकी. बारा नवी मुद्रणं, जुन्याच रचना. चार थरांच्या रचनेत तासाभरात बसलं. सीडी आणि तबकडी ३१ ऑक्टोबरला येणार, तोवर 'प्रत' रकान्यात फक्त फाइल.

२३ ऑगस्ट २०२५

'अ मून शेप्ड पूल' (८ मे २०१६). गाणी वर्णानुक्रमे लावलेली आहेत, 'बर्न द विच'पासून 'ट्रू लव्ह वेट्स'पर्यंत. 'द नंबर्स' आठवं येतं, कारण 'द' धरलेला नाही. नावाने लावणाऱ्या यंत्रात ते 'प्रेझेंट टेन्स'नंतर, 'टिंकर टेलर'च्या आधी, नवव्यावर जातं. ट्रॅक क्रमांक भरलेला आहे ना, हे बघायचं. 'फुल स्टॉप'मध्ये एक 'एल' कमीच आहे.

'टिंकर टेलर...'चं पूर्ण नाव इंग्रजीत मोकळ्या जागांसह ६३ अक्षरांचं. जुन्या आयडी३व्ही१ टॅगमध्ये ३० अक्षरंच मावतात. 'सेलर'नंतरच्या 'रिच'चं पहिलं अक्षर येऊन नाव तुटतं. कारमधला प्लेअर तोच टॅग वाचत होता. व्ही१ टॅग काढून टाकले.

विशेष आवृत्तीत मूळ टेपचा एक इवलासा तुकडा येतो, सेकंदभराचंही संगीत नसलेला. वाजवायचा नाही. ॲसिड-मुक्त पाकिटात.

'मिनिडिस्क्स', 'ओके कंप्यूटर' काळातल्या मुद्रणांचा संग्रह (११ जून २०१९): एमडी१११ ते एमडी१२८, अठरा फाइली, प्रत्येक तासाभराची. सीडीच्या दर्जात उलगडलं तर ११ जीबीच्या पुढे. मिनिडिस्कवर आवाज ॲट्रॅक पद्धतीने आधीच दाबलेला असतो, त्यामुळे यापेक्षा वरच्या दर्जाची फाइल कोणी दिली तर ती फक्त जागा खाते. आत गाण्यांच्या सीमा नाहीत. तुकडे न करता वेळेच्या खुणांची वेगळी यादी केली. एमडी१११ ते एमडी११४ पूर्ण.

३० ऑगस्ट २०२५

आवाजाची पातळी. रीप्लेगेन (वाजवताना आवाज समपातळीत आणणारा टॅग) −१८ एलयूएफएसवर (ऐकू येणाऱ्या आवाजाचं माप), अल्बम-गेन, म्हणजे सगळ्या अल्बमला एकच बदल. ट्रॅक-गेन लावला तर 'ट्रीफिंगर्स' आणि 'हंटिंग बेअर्स' शेजारच्या गाण्यांइतके मोठे होतात आणि अल्बमचा चढ-उतार सपाट होतो. टॅगमध्येच लिहायचं, आवाजाला हात लावायचा नाही.

६ सप्टेंबर २०२५

सगळ्या फाइलींवर एफएलएसीची अंतर्गत तपासणी चालवली. दोन नापास, दोन्ही एकाच यूएसबी केबलमधून गेलेल्या. केबल फेकली, दोन्ही पुन्हा रिप. प्रती तीन ठिकाणी, त्यातली एक घराबाहेर.

बाकी: एमडी११५पासून पुढच्या खुणा. 'सुपरकोलायडर / द बुचर'ची १२ इंची, आज विसर्जन असल्याने उद्या दुपारी. १९९४च्या जपानी 'इच' ईपीची प्रत नाही; ओळ केली आहे, 'प्रत' रकाना रिकामा. नेटवरून उतरवलेली फाइल त्यात घालायची नाही.